'शॅल'चा हुकूम आणि रशियन वर्तमानकाळ

वाचकांचे प्रश्न, दुभाषी ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी गंगापूर रोडला राहते आणि घरूनच ऑनलाइन इंग्रजी शिकवते. सध्या माझ्याकडे कझाकस्तानातल्या अल्माटीची काही मुलं आहेत. घरी रशियन बोलतात, कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकतात. त्यांना करार, ठराव असलं काहीबाही इंग्रजीत वाचावं लागतं. 'शॅल' म्हणजे 'आय' आणि 'वुई'च्या पुढे येणारा भविष्यकाळ, एवढंच ती शिकून आली आहेत. त्यामुळे 'ऑल मेंबर्स शॅल सेटल देअर डिस्प्यूट्स' वाचलं की 'सदस्य आपले वाद सोडवतील' असं भाषांतर करतात आणि मलाच विचारतात, 'कधी सोडवतील?' मी 'शॅल म्हणजे मस्ट समजा' म्हणून वेळ मारून नेली. तर एकाने लगेच विचारलं, मग मस्टच का नाही लिहीत? आता काय सांगू?
— एक शिक्षिका

उत्तर : 'कधी सोडवतील?' हा प्रश्न झकास आहे. संयुक्त राष्ट्रांना तो १९४५ पासून विचारला जातोय. त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या.

त्यांच्या पुस्तकाने त्यांना अर्धाच नियम शिकवला आहे. जुन्या इंग्रजी व्याकरणात 'आय शॅल' हा साधा भविष्यकाळ होता हे खरं. पण 'यू शॅल', 'ही शॅल' म्हटलं की तो हुकूम किंवा वचन व्हायचा. बायबलमधल्या दहा आज्ञा आठवा : 'दाउ शॅल्ट नॉट किल'. तू खून करणार नाहीस असं भाकीत तिथे कुणी करत नाहीये. करारांच्या भाषेने हा तृतीयपुरुषी हुकूम जपून ठेवला. रोजच्या बोलण्यातून तो केव्हाच उठून गेला, म्हणून मुलांना त्याची ओळख नाही.

आता मुख्य गोष्ट. रशियन बोलणाऱ्या मुलांना शॅल समजावायला इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने जाऊच नका. तुमचं ते वाक्य संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं आहे, तिची रशियन प्रत उघडा. सनदेच्या कलम १११ प्रमाणे चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी आणि स्पॅनिश हे पाचही मजकूर सारख्याच अधिकाराचे आहेत, म्हणजे रशियन प्रत ही इंग्रजीची सावली नव्हे. तिथे कलम २ मधलं तिसरं पोटकलम काढायला सांगा. इंग्रजीत 'शॅल सेटल' आहे त्या जागी रशियनमध्ये आहे 'राझ्रेशायुत'. साधा वर्तमानकाळ. सदस्य वाद सोडवतात. पुढचं पोटकलम बळाच्या वापराबद्दलचं. इंग्रजीत 'शॅल रिफ्रेन', रशियनमध्ये 'वझ्द्येर्झिवायुत्स्या', दूर राहतात. 'दल्झ्नी' म्हणजे 'पाहिजे', 'भाग आहे' हा शब्द दोन्हीकडे नाही. रशियन कायद्याची भाषा हुकूम द्यायचा तर नुसती वस्तुस्थिती सांगितल्यासारखं बोलते.

तुमच्या मुलांना हे लहानपणापासून कानावर आहे, फक्त लक्षात आलेलं नाही. आणि आपल्यालाही ते परकं नाही. 'संध्याकाळी नखं कापत नाहीत' असं आजी म्हणायची तेव्हा ती काही समाजाची पाहणी करून निष्कर्ष सांगत नसायची. नेलकटर खाली ठेव, एवढाच त्याचा अर्थ. रशियन करारातला वर्तमानकाळ हा त्या आजीचा वर्तमानकाळ आहे.

म्हणजे वाचताना मुलांनी शॅल दिसलं की डोक्यात 'बूदुत' हा रशियन भविष्यकाळ आणायचा नाही, रशियन कायद्याच्या भाषेतला वर्तमानकाळ आणायचा. 'कधी?' हा प्रश्न तिथेच मिटतो.

पण खरी गंमत उलट्या दिशेला आहे, आणि त्यासाठीच मी हे उत्तर लांबवते आहे. ही मुलं उद्या रशियनमधून इंग्रजीत लिहायला लागतील तेव्हा तोच वर्तमानकाळ जसाच्या तसा इंग्रजीत उतरवतील. मी नोकरीची सगळी वर्षं यंत्रं आणणाऱ्या कंपन्यांसाठी रशियन-इंग्रजी दुभाषाचं काम केलं. नाशिकला रशियन तशी नवी नाही. ओझरला १९६० च्या दशकात मिगचा कारखाना आला, पुढे सुखोई आली, आणि कॉलेज रोडच्या भाजीवाल्यांनाही 'स्पासीबा' कळायला लागलं. माझं काम मात्र सातपूर-अंबडकडचं, साध्या यंत्रांचं. रशियन मंडळींना बैठक संपली की 'प्रतकोल' लागतो. झालेल्या बोलण्याचा कागद, दोन भाषांत, खाली दोघांच्या सह्या. अशाच एका कागदावर त्यांच्याकडून इंग्रजी मजकूर तयार होऊन आला. त्यात होतं, 'दि इंडियन साइड प्रोव्हाइड्स अ क्रेन अँड टू रिगर्स'. आमचे स्टोअरचे साहेब वाचून तापले. 'प्रोव्हाइड्स? कुठे केलीय प्रोव्हाइड? क्रेन तर अजून भाड्याने ठरलीसुद्धा नाही, आणि हे लिहून मोकळे की आम्ही पुरवतो!' समोरचा इंजिनिअर गोंधळला. त्याच्या मते त्याने साहेबांवर जबाबदारी टाकली होती. साहेबांच्या मते त्याने खोटी नोंद केली होती. मूळ रशियन शब्द होता 'अब्येस्पेचिवायेत'. मी पेनने 'शॅल प्रोव्हाइड' केलं. साहेबांनी सही केली, आणि क्रेनच्या भाड्याबद्दल दुसरं भांडण सुरू झालं. ते व्याकरणाचं नव्हतं.

तेव्हा मुलांना दोन्ही बाजूंनी घोकून घ्या : इंग्रजी शॅल वाचताना रशियन करारातला वर्तमानकाळ आठवायचा, आणि तो वर्तमानकाळ इंग्रजीत नेताना शॅल जोडायचं.

आता 'विल'. इथे ही मुलं हमखास फसतात, कारण विल आणि शॅल दोन्हीला त्यांच्याकडे 'बूदुत' चालून जातो. राजनैतिक इंग्रजीत या दोघांच्या मधे चांगली भिंत आहे. दोन देशांना कायद्याने बांधून घ्यायचं असेल तर करार करतात. त्यात 'पार्टीज' असतात, त्या 'अ‍ॅग्री' करतात, 'अंडरटेक' करतात आणि 'शॅल' करतात. बांधून घ्यायचं नसेल, नुसती समजूत कागदावर आणायची असेल, तर सामंजस्य करार, म्हणजे एमओयू. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना याबद्दल स्पष्ट सूचना देऊन ठेवल्या आहेत : एमओयूमध्ये पार्टीज नको, 'पार्टिसिपंट्स' म्हणा, शॅल नको, 'विल' म्हणा, 'एंटर इंटू फोर्स' नको, 'कम इंटू इफेक्ट' म्हणा. सगळे देश हे इतक्या सोवळ्याने पाळत नाहीत. रशियन करारांतही 'बूदुत' पुष्कळदा दिसतो, त्यामुळे फक्त रशियन बाजू वाचून कागद किती बांधणारा आहे हे ठरवू नये. इंग्रजी बाजूला विल आहे की शॅल, ते आधी पाहावं.

मस्ट का नाही, याचंही उत्तर देते. देशांतर्गत कायद्यांत मस्ट येतं आहे. अमेरिकेत संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७ मध्ये नव्याने लिहिले, तेव्हा त्यातली शॅल काढून बहुतेक ठिकाणी मस्ट घातलं. करारांत मात्र शॅल टिकलं. माझं मत विचाराल तर यात सवयीचा भाग मोठा आहे. जिथे आधीच्या शंभर करारांत शॅल आहे तिथे एकशे एकाव्यात मस्ट लिहिलं की समोरचा वकील विचारणार, हे वेगळं का? काही वेगळं म्हणायचंय का तुम्हाला? त्या प्रश्नाला उत्तर देत बसण्यापेक्षा जुना शब्द बरा. शिवाय मस्टमध्ये मास्तरांचा सूर आहे. सार्वभौम देशाला तो सूर सोसत नाही.

मुलांना आणखी एक गोष्ट दाखवा. शॅलची ताकद पुढच्या क्रियापदावर असते. ९ ऑगस्ट १९७१ ला दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत कराराच्या कागदावर सह्या केल्या. 'रशिया आपल्यासाठी लढायला बांधलेला होता' असं आपल्याकडे अजून पारावर ऐकू येतं. कलम ९ वाचा. एकावर हल्ला झाला किंवा हल्ल्याचा धोका आला, तर दोघे 'शॅल इमीजिएटली एंटर इंटू म्युच्युअल कन्सल्टेशन्स'. ताबडतोब सल्लामसलत करतील, धोका दूर करायला आणि शांतता राखायला योग्य ती पावलं उचलण्यासाठी. शॅल पक्कं आहे, पण ते सल्लामसलतीला बांधलेलं आहे. त्याच कलमाच्या पहिल्या वाक्यात दुसऱ्याशी सशस्त्र संघर्ष करणाऱ्या तिसऱ्या देशाला मदत न करण्याचं 'अंडरटेक' आहे, आणि त्याचा अर्थ सरळ आहे. डिसेंबर १९७१ मध्ये त्या कराराचा आपल्याला उपयोग झालाच, पण तो कशामुळे झाला हे समजायचं तर क्रियापदं नीट वाचावी लागतात.

सिमला कराराचंही तेच. २ जुलै १९७२. मतभेद शांततेने सोडवण्याच्या वाक्यात 'आर रिझॉल्व्ह्ड टु' आहे, म्हणजे निर्धार. ताबारेषेच्या वाक्यात 'शॅल बी रिस्पेक्टेड' आहे. एकाच कागदावर ही दोन वजनं आहेत आणि ती चुकून पडलेली नाहीत.

तुमच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडेल ती मात्र पॅरिसची गोष्ट. शनिवार, १२ डिसेंबर २०१५. पॅरिसजवळच्या ल बूर्जे इथे हवामान परिषदेचा अंतिम मसुदा दुपारी वाटला गेला. कलम ४, पोटकलम ४ : विकसित देशांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार चालू ठेवायचा, त्यासाठी छापलं होतं 'शॅल'. लगेच पुढच्या वाक्यात विकसनशील देशांसाठी होतं 'शुड'. अमेरिकेच्या वकिलांनी ते पाहिलं आणि तिथेच थांबले. कपातीच्या उद्दिष्टांवर शॅल म्हणजे कायदेशीर बंधन, आणि तसं बंधन आलं की करार सिनेटपुढे न्यावा लागणार. तिथे दोन तृतीयांश मतं मिळायची शक्यता नव्हती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरींनी परिषदेचे अध्यक्ष लोराँ फाब्यूस यांना सांगितलं की हा शब्द राहिला तर अमेरिका येऊ शकत नाही. आधीच्या मसुद्यांत शुड होतं, हे शॅल चुकून आलं, असं ठरलं. सगळं सभागृह ताटकळलेलं. शेवटी सचिवालयाच्या अधिकाऱ्याने किरकोळ दुरुस्त्यांची यादी एकसुरी आवाजात वाचली, त्या यादीत हीही एक, आणि थोड्याच वेळात फाब्यूस यांचा हातोडा पडला. रशियन मजकुरात त्या जागी आहे 'स्लेदुएत'. मुलांना विचारा, 'राझ्रेशायुत'सारखा वर्तमानकाळ आणि 'स्लेदुएत' यांत फरक किती? ती स्वतःच सांगतील : पहिल्यात सुटका नाही, दुसऱ्यात 'बरं होईल' आहे.

त्याच करारात कलम ४, पोटकलम २ सुद्धा वाचून घ्या. प्रत्येक देश आपलं योगदान 'शॅल प्रिपेअर, कम्युनिकेट अँड मेंटेन', तयार करील, कळवील, चालू ठेवील. कोणतं योगदान? तर जे गाठायचा त्याचा 'इंटेंड्स टु अचीव्ह', इरादा आहे. कागद तयार करणं सक्तीचं, गाठणं इराद्यावर! इतकं बारीक काम पैठणीवरही सापडत नाही.

तुम्हाला मराठीतून सांगायचं झालं तर एक सावधगिरी. आपल्या कायद्याच्या मराठीत शॅलला 'असेल', 'करील' येतं. राज्यघटनेचं पहिलंच कलम पाहा, भारत हा राज्यांचा संघ 'असेल'. रोजच्या बोलण्यात 'असेल' म्हणजे अंदाज, 'तो घरी असेल' सारखा. म्हणून मराठीचा आधार या मुलांना देऊ नका, त्यांची रशियनच जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडचा, पोस्टातून निवृत्त. बातम्या ऐकणं हाच आता उद्योग. रोज कुणीतरी कुणालातरी 'खडसावतं', 'ठणकावतं', नाहीतर 'खडे बोल सुनावतं'. मूळ इंग्रजीत एवढं काही असतं का? आणि काश्मीरबाबत १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेने पाकिस्तानला सैन्य काढायचा हुकूम दिला होता, असं आमच्या कट्ट्यावर एकजण छातीठोक सांगतात. खरं काय?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, खडसावण्याला मूळ इंग्रजीत बहुतेक वेळा 'अर्ज' (urge) असतं. आग्रहाने सांगणं. चॅनेलवाल्यांना आग्रह विकता येत नाही, म्हणून ते खडसावतात.

ठरावांत क्रियापदांचा जिना असतो आणि पायऱ्या साधारण ठरलेल्या आहेत. 'रिक्वेस्ट' खाली, मग 'कॉल अपॉन', मग 'अर्ज', वर 'डिमांड'. 'डिसाइड'ची जात वेगळी. सनदेच्या कलम २५ मध्ये सदस्य देशांनी सुरक्षा परिषदेचे 'निर्णय' मान्य करून अमलात आणायचं कबूल केलंय, म्हणून ठरावात 'डिसाइड' आलं की वकिलांचे कान उभे राहतात. रशियन बोलणारे मला यात नेहमी एक तक्रार सांगायचे. 'अर्ज'साठी त्यांच्याकडे सुटं क्रियापद नाही. 'कॉल अपॉन'ला 'प्रिझिवायेत', आणि 'अर्ज'ला त्यालाच एक क्रियाविशेषण चिकटवून 'नास्तायातेल्ना प्रिझिवायेत', म्हणजे आग्रहपूर्वक आवाहन करते. भाषांतरात ते 'नास्तायातेल्ना' गाळलं की एक पायरी घसरली. आपल्याकडे उलट होतं, आपण दोन पायऱ्या चढवून ठेवतो.

कट्ट्यावरच्या गृहस्थांना ठराव क्रमांक ४७ दाखवा, २१ एप्रिल १९४८ चा. त्यातलं मुख्य क्रियापद आहे 'रेकमेंड्स', शिफारस करते. पुढे : पाकिस्तान सरकारने 'शुड अंडरटेक टु यूज इट्स बेस्ट एंडेव्हर्स', म्हणजे टोळीवाले आणि तिथले रहिवासी नसलेले लढायला घुसलेले पाकिस्तानी नागरिक माघारी जावेत यासाठी शक्य ते प्रयत्न करण्याचं वचन द्यावं. एका वाक्यात तीन उशा : शुड, अंडरटेक, बेस्ट एंडेव्हर्स. भारतासाठीच्या कलमाची सुरुवातही 'शुड'नेच आहे. हुकूम यात कुठेच नाही. तुम्ही हे सांगितलंत की कट्ट्यावर दोन दिवस चहा मिळणार नाही, याची तयारी ठेवा.

'निषेध'चीही तीच कथा. इंग्रजीत 'रिग्रेट', 'डिप्लोर', 'कंडेम' या चढत्या पायऱ्या. मराठी बातमीत तिन्हींना निषेध. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनबाबतच्या मसुद्यावर सुरक्षा परिषदेत मतदान झालं. त्याआधी मसुद्यातलं 'कंडेम' उतरवून 'डिप्लोर' केलं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. जास्त देशांना सोबत घ्यायचं होतं. तरीही रशियाने नकाराधिकार वापरला आणि भारत, चीन, संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. २ मार्चला महासभेत ठराव आला तेव्हाही 'डिप्लोर्स इन द स्ट्राँगेस्ट टर्म्स' होतं. १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ, आपण तटस्थांत. २५ फेब्रुवारीच्या भारताच्या निवेदनात 'डीपली डिस्टर्ब्ड' होतं. एप्रिलमध्ये युक्रेनमधल्या बुचा शहरातल्या हत्यांनंतर मात्र भारताने सुरक्षा परिषदेत 'अनइक्विव्होकली कंडेम' म्हटलं आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. कंडेम कशाला? हत्यांना. कुणी केल्या, ते वाक्यात नाही. क्रियापद वरच्या पायरीचं, कर्ता कोरा. यावर मराठी मथळा 'भारताने रशियाला सुनावलं' असा आला तर ते सुनावणं मथळा लिहिणाऱ्याचं असतं.

एक छोटी गोष्ट, तुम्हाला आवडेल म्हणून. 'कंडेम'ला रशियनमध्ये 'असुझ्दायेत' येतं, आणि त्याच क्रियापदाने रशियन न्यायालय आरोपीला दोषी ठरवतं. त्यामुळे रशियन कानाला त्या शब्दात कोर्टाचा वास येतो. डिप्लोरला मात्र तिकडे नेमकी जागा नाही. एकदा तो खेदाकडे झुकतो, एकदा दोषाकडे. मराठीत मी स्वतः रिग्रेटला खेद, डिप्लोरला तीव्र नापसंती आणि कंडेमला निषेध वापरते. 'तीव्र नापसंती' मथळ्यात मावत नाही, हा संपादकांचा आक्षेप मला मान्य आहे.

प्रश्न : परराष्ट्र खाती एकमेकांना निषेधाचं पत्र पाठवतात त्याची सुरुवात 'अभिवादन करून' होते म्हणे. हे खरं आहे का?
— बी. ए.ची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : खरं आहे. त्याला 'नोट व्हर्बाल' म्हणतात. तृतीयपुरुषात लिहितात, सही नसते, आद्याक्षरं आणि शिक्का. 'प्रेझेंट्स इट्स कॉम्प्लिमेंट्स'ने सुरुवात, पुढे कळवण्यासाठी 'हॅज द ऑनर टु इन्फॉर्म', शेवटी आदराच्या भावनेचा पुनरुच्चार. रशियन नमुनाही याच साच्याचा : दूतावास आपला आदर 'स्विद्येतेल्स्त्वुएत', म्हणजे त्याची साक्ष देतो, आणि कळवण्याचा त्याला मान आहे, 'इमेएत चेस्त'. मजकूर फारच कडक असला की काही वेळा ही आदराची ओळ छोटी होते किंवा गायब होते, आणि जाणणारे आधी तिथे नजर टाकतात. आपल्याकडे 'सा. न. वि. वि.' गाळलेलं पत्र आलं की घरचे समजायचे, तसंच.

प्रश्न : ताई, दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे. निर्यातदारामार्फत माल रशियाला जातो, आता थेट बोलणं सुरू केलंय. तिकडच्या खरेदीदाराची इंग्रजी मेल येते : 'यू मस्ट सेंड फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट बिफोर लोडिंग', 'वुई आस्क यू टु कन्फर्म'. माणूस चिडलाय का? आणि कराराचा मसुदा दोन रकान्यांत आलाय, डावीकडे रशियन, उजवीकडे इंग्रजी. इंग्रजीत कुठे शॅल, कुठे विल, कुठे काहीच नाही.
— एक बागायतदार

उत्तर : दादा, चिडलेला नाही. त्याच्या डोक्यात 'दल्झ्नी' आहे, कामकाजाच्या रशियन पत्रात तो शब्द सरळ चालतो. शब्दकोशाने त्याला 'मस्ट' दिलं, त्याने लिहिलं. 'वुई आस्क यू' हे 'प्रोसिम' आहे, म्हणजे विनंतीच. राजदूतांच्या ठरावातही 'रिक्वेस्ट'ला हेच क्रियापद येतं. तुम्ही उत्तरात मस्टला मस्टने उत्तर देऊ नका. 'वुई विल सेंड' आणि तारीख लिहा. तारीख लिहिली की रशियन माणूस खूश असतो, हा माझा अनुभव आहे. तारीख पाळली की जास्त.

मसुद्याकडे मात्र नीट बघा. डाव्या रकान्यात 'प्रदावेत्स पस्ताव्ल्यायेत' असेल, 'विक्रेता पुरवतो'. वर शिक्षिकाबाईंना लिहिलंय तोच वर्तमानकाळ आहे हा, आणि तो तुम्हाला पूर्ण बांधतो. उजवीकडे त्याचं 'सेलर सप्लाइज' झालं असेल तर ते 'सेलर शॅल सप्लाय' करून मागा. 'विल' असलेल्या ओळींवर खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, ही बंधनं आहेत की इरादे? खरेदीदाराच्या बाजूच्या ओळी जास्त लक्ष देऊन वाचा. 'बायर शॅल पे' आहे का 'बायर विल पे', आणि पैसे किती दिवसांत, हे डावीकडच्या मजकुराशी जुळतं का, ते रशियन येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

शेवटच्या पानावर एक कलम असतं : दोन भाषांत फरक पडला तर कोणता मजकूर ग्राह्य. ते नसेल तर घालायला सांगा, असेल तर कोणती भाषा लिहिलीय ते वाचा. रशियन लिहिली असेल तर उजवा रकाना तुमच्या समजुतीपुरता आहे, भांडण झालं तर डावा बोलणार. सही करण्याआधी निर्यातीचे करार बघणाऱ्या वकिलाकडे एकदा फेरी मारा. छाटणीच्या धांदलीत हे राहून जातं, आणि माल बंदरात पोचल्यावर आठवण येते.